एकरकमी आणि दरमहा

दिल्लीच्या केंद्रीय दफ्तरांत महिन्याच्या अखेरच्या कामाच्या दिवशी, दुपारी चारच्या सुमारास, एक लहानसा समारंभ होत असतो. खुर्च्या भिंतीलगत सरकवलेल्या असतात, समोशांच्या आणि बर्फीच्या कागदी बशा हातोहात फिरत असतात, आणि मध्यभागी, गळ्यात झेंडूचा हार घातलेला एक साठ वर्षांचा मनुष्य, ज्याला इतक्या वर्षांत कोणी भाषण करावयास सांगितलेले नसते, तो चार वाक्ये बोलण्याचा प्रयत्न करीत असतो. लेखा विभागातील माझ्या नोकरीमुळे अशा समारंभांना मी किती वेळा उपस्थित राहिलो याची गणती नाही. माझा स्वतःचा निरोपही असाच झाला. हार उतरवून ठेवला की कोणी तरी जवळ येऊन हलक्या आवाजात विचारी, "मग, पैसे कुठं टाकायचे ठरवलंत?" हा प्रश्न आपुलकीने विचारलेला असतो यात संशय नाही, परंतु तो मुळातच चुकीचा आहे असे माझे फार दिवसांचे मत आहे, आणि त्या मताचे विवरण करण्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला आहे.

साठ वर्षे पूर्ण होताच खात्यात जी रक्कम येऊन पडते तिचे स्वरूप प्रथम नीट पाहिले पाहिजे. जुन्या निवृत्तिवेतन योजनेतील, एक लाख रुपये मूळ वेतन असलेल्या आणि तेहतीस वर्षे सेवा झालेल्या अधिकाऱ्याचे उदाहरण घेऊ. त्याला उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, १ जानेवारी २०२४ पासून लागू झालेल्या कमाल मर्यादेइतकी, म्हणजे २५ लाख रुपये मिळते. साचलेल्या तीनशे दिवसांच्या रजेचे, महागाई भत्ता धरून, पंधरा लाखांच्या आसपास होतात. आणि दरमहा पन्नास हजारांच्या मूळ निवृत्तिवेतनापैकी नियमाने जास्तीत जास्त जेवढा भाग विकता येतो तेवढा, म्हणजे चाळीस टक्के, विकल्यास १९,६६,५६० रुपये हाती येतात. भविष्यनिर्वाह निधीची रक्कम याहून वेगळी. ज्या गृहस्थाच्या बचत खात्यात उभ्या हयातीत एका वेळी दोन-तीन लाखांहून अधिक शिल्लक क्वचितच राहिली, त्याच्या पासबुकात काही दिवसांच्या अंतराने साठ लाखांची नोंद होते. हा आकडा डोळ्यांत भरतो, आणि येथेच बुद्धीला पहिला भ्रम होतो. कारण साठ लाखांवर सालाना सात टक्के व्याज धरले तर महिन्याला पस्तीस हजार रुपये येतात. कालपर्यंत ज्याला महागाई भत्त्यासह दीड लाखाहून अधिक पगार होता त्याला हे उत्पन्न संपन्नतेचे वाटण्याचे काहीच कारण नाही. ती रक्कम म्हणजे येणाऱ्या वीस-पंचवीस वर्षांची दरमहाची मिळकत आहे. केवळ हिशेबाच्या सोयीसाठी ती एका दिवशी हातावर ठेवली गेली आहे. तिच्याविषयी विचारावयाचा प्रश्न एकच: ही रक्कम पुन्हा दरमहा कशी करावी, आणि ती मी व माझी पत्नी या दोघांपैकी जो मागे राहील त्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत कशी पुरवावी?

दिल्लीत हा प्रश्न विचारावयास उसंतच मिळत नाही, आणि त्याचे कारण येथल्या व्यवस्थेतच आहे. सरोजिनी नगर, नेताजी नगर, रामकृष्णपुरम, लक्ष्मीबाई नगर या वसाहतींतील सरकारी निवासस्थानांत, ज्यांना सारेजण क्वार्टरच म्हणतात, ज्यांचा संसार झाला, ज्यांची मुले त्याच अंगणातून नूतन मराठी शाळेत किंवा केंद्रीय विद्यालयात गेली, त्यांना निवृत्तीनंतर ते घर रिकामे करावयास सहा महिन्यांची मुदत मिळते. म्हणजे आयुष्यातील सर्वांत मोठी रक्कम ज्या आठवड्यात हाती येते त्याच आठवड्यात डोक्यावरचे छप्पर जाण्याची तारीखही नक्की होते. या दोन गोष्टींची गाठ एकाच वेळी पडावी हा निव्वळ योगायोग असला तरी त्याने राजधानीच्या आसपासच्या जमिनीचा इतिहास घडविला आहे. पूर्वी दिल्ली विकास प्राधिकरणाची आशा होती; परंतु १९७९ च्या नोंदणी योजनेत पैसे भरलेल्या पुष्कळांना घरासाठी दोन-दोन दशके वाट पाहावी लागली, आणि मग यमुनेपलीकडच्या नोएडाकडे व ग्रेटर नोएडाकडे लोकांचे डोळे वळले. तेथील शेतजमिनींवर उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांची रंगीत चित्रे शनिवार-रविवारच्या वृत्तपत्रांत येत, त्यांत तरणतलाव असे, बाग असे, आणि 'छत्तीस महिन्यांत ताबा' असे आश्वासन असे.

माझ्या परिचयातील एका कक्ष अधिकाऱ्याने निवृत्तीच्या रकमेतून अशा एका मनोऱ्यातील अकराव्या मजल्यावरच्या घरासाठी एकदम पैसे भरले, कारण एकरकमी भरणाऱ्यास दरात सूट होती. तो मजला बांधला जावयास नऊ वर्षे लागली. तोपर्यंत हे गृहस्थ मयूर विहारात भाड्याने राहिले, आणि त्यांच्या निवृत्तिवेतनाचा निम्मा भाग त्या भाड्यातच गेला. ते अपवाद नव्हते. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलै २०१९ रोजी निर्णय दिला तेव्हा सुमारे ४२,००० घरखरेदीदार अडकून पडले होते. न्यायमूर्ती अरुण मिश्र आणि उदय लळित यांच्या पीठाने ग्राहकांचा पैसा अन्यत्र वळविला गेल्याचे नमूद केले, समूहाची रेरा या स्थावर संपदा कायद्याखालील नोंदणी रद्द केली, आणि अपुरी घरे पूर्ण करण्याचे काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे सोपविले. जेपी इन्फ्राटेक ही कंपनी ऑगस्ट २०१७ मध्येच नादारीच्या कारवाईत गेली होती, आणि तिच्या ग्राहकांची संख्याही वीस हजारांहून अधिक होती. त्या काळात कायद्याने घर घेणाऱ्याला धनको म्हणूनही मान्यता नव्हती. ती २०१८ च्या दुरुस्तीने मिळाली. या वर्षानुवर्षांच्या फिर्यादींतून कायदा सुधारला हे खरे, परंतु सत्तरीतल्या माणसाच्या वाट पाहण्याला कायद्यात पुरेशी भरपाई नाही. तयार नसलेले घर विकत घेणे म्हणजे बांधणाऱ्याला बिनतारणी कर्ज देणे होय. आणि ज्याची मिळकत यापुढे वाढणार नाही त्याने बिनतारणी सावकार होऊ नये. ज्या घराचे खरेदीखत नोंदले गेले आहे आणि ज्याची किल्ली त्याच दिवशी हातात येते तेवढेच घर निवृत्ताने घ्यावे, मग ते चार कोस दूर आणि दोन खोल्यांचे असले तरी चालेल.

आता 'पेन्शन विकणे' या शब्दप्रयोगाकडे वळू. सरकारी परिपत्रकांत याला 'अंशराशीकरण' असे जड नाव आहे, पण कचेरीतला मराठी माणूस 'मी पेन्शन विकली' असेच म्हणतो, आणि मला वाटते की परिपत्रकापेक्षा त्याची भाषा अधिक सत्य सांगते. निवृत्तिवेतनाचा काही भाग पंधरा वर्षांसाठी सोडून द्यावयाचा आणि त्याच्या मोबदल्यात आज एकरकमी रक्कम घ्यावयाची, असा हा व्यवहार आहे. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी कोष्टकातील गुणक ८.१९४ आहे, म्हणजे दरमहा सोडलेल्या प्रत्येक रुपयामागे सुमारे ९८ रुपये ३३ पैसे मिळतात, आणि पंधरा वर्षांत १८० रुपये सोडले जातात. वर दिलेल्या उदाहरणातील अधिकाऱ्याने १९ लाख ६६ हजार घेतले तर तो पंधरा वर्षांत ३६ लाख परत करतो. हिशेब मांडला तर याचा व्याजदर सालाना नऊ टक्क्यांच्या जवळपास येतो. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचा दर एप्रिल २०२३ पासून ८.२ टक्के आहे. तेव्हा नऊ टक्क्यांनी कर्ज घेऊन सव्वाआठ टक्क्यांनी ठेव ठेवणारा मनुष्य काय मिळवितो, याचा विचार शंभरांतले पाच जणही अर्जावर सही करताना करीत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे. या व्यवहाराच्या बाजूनेही बोलण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते दडविणे योग्य होणार नाही: ही रक्कम प्राप्तिकरातून मुक्त आहे, महागाई सवलत मूळच्या पूर्ण निवृत्तिवेतनावरच मिळत राहते, कुटुंब निवृत्तिवेतनाला धक्का लागत नाही, आणि मधल्या काळात मनुष्य गेला तर उरलेली वसुली कोणी करीत नाही. ज्याची प्रकृती खालावलेली आहे, ज्याला महाग व्याजाचे कर्ज फेडावयाचे आहे किंवा तयार घराचे पैसे भरावयाचे आहेत, त्याने अवश्य विकावी. पण 'सगळेच विकतात' एवढ्याच कारणासाठी विकणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे की त्याने एका कर्जखतावर सही केली आहे. कर्मचारी संघटना पंधराऐवजी बारा वर्षांनी पूर्ण निवृत्तिवेतन परत मिळावे अशी मागणी करीत आहेत, ती मला न्याय्य वाटते.

दरमहाच्या पैशाचे महत्त्व केवळ गणिताचे नाही. १७ डिसेंबर १९८२ रोजी याच शहरात सर्वोच्च न्यायालयाने डी. एस. नकारा यांच्या याचिकेवर जो निर्णय दिला, त्याचे स्मरण म्हणून देशभरचे निवृत्त तो दिवस आजही पाळतात. नकारा हे संरक्षण मंत्रालयातून १९७२ मध्ये निवृत्त झालेले वित्त अधिकारी. सरकारने निवृत्तिवेतनाचे सूत्र उदार केले, पण ३१ मार्च १९७९ या तारखेची रेघ ओढून त्यापूर्वी निवृत्त झालेल्यांना बाहेर ठेवले, एवढीच त्यांची तक्रार होती. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पाच न्यायमूर्तींच्या पीठाने, ज्यात न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते, ती रेघ पुसून टाकली. न्यायमूर्ती देसाई यांनी लिहिलेल्या त्या निर्णयाचे सार असे की निवृत्तिवेतन ही मालकाची मेहेरबानी नसून पूर्वी केलेल्या कामाचा तो मोबदला आहे, आणि वृद्धाला हात न पसरता जगता यावे हा त्याचा हेतू आहे. दफ्तरातील माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याची विधवा पत्नी गेली अठरा वर्षे कुटुंब निवृत्तिवेतनावर जगत आहे. शिक्षण सातवीपर्यंतचे, बँकेचा अर्ज मुलाकडून भरून घ्यावा लागतो. पण पहिल्या तारखेला पैसे येतात, महागाई सवलत वाढली की तेही वाढतात, आणि घरातल्या नातवंडांच्या वाढदिवसाला आजीचे पाकीट सर्वांत आधी येते. त्या घरात त्यांना जो मान आहे तो काही अंशी त्या पहिल्या तारखेमुळे आहे, हे त्या स्वतः मोकळेपणाने सांगतात.

ही पहिल्या तारखेची हमी १ जानेवारी २००४ नंतर केंद्रीय सेवेत आलेल्यांना, सशस्त्र दले वगळता, मिळाली नाही. महाराष्ट्र सरकारने तीच वाट १ नोव्हेंबर २००५ पासून धरली. राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, अर्थात एनपीएसमध्ये, कर्मचाऱ्याने मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या दहा टक्के भरावयाचे, सरकारने प्रथम तितकेच आणि एप्रिल २०१९ पासून चौदा टक्के भरावयाचे, आणि साठाव्या वर्षी जे साचेल त्यातून निदान चाळीस टक्क्यांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून आजन्म मिळणारे ठरावीक उत्पन्न, विकत घेऊन उरलेले साठ टक्के एकरकमी उचलावयाचे, असा करार आहे. तिजोरीवरचा भार पाहता हा बदल अकारण केला गेला असे मी म्हणणार नाही. परंतु तो करताना जे घडले त्याचा उच्चार स्पष्ट शब्दांत कोणी केला नाही. जुन्या योजनेत तीन जोखमी सरकार वाहत असे: बाजार पडण्याची, महागाई वाढण्याची, आणि माणूस फार वर्षे जगण्याची. एका अधिसूचनेने या तिन्ही जोखमी कारकुनाच्या खांद्यावर आल्या, आणि त्या वाहावयाच्या कशा याचे शिक्षण मात्र त्याला कोणी दिले नाही. ज्या देशात पदवीधरालाही चक्रवाढीचा हिशेब कागदावर मांडताना अडखळावयास होते, तेथे ही जबाबदारी निव्वळ एका अर्जातील रकान्यात खूण करून घेऊन सोपविणे मला अन्यायाचे वाटते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी रामलीला मैदानावर जुन्या निवृत्तिवेतनासाठी देशभरातून कर्मचारी लोटले, त्यापूर्वी मार्चमध्ये महाराष्ट्रातील राज्य कर्मचाऱ्यांनी संप केला, त्यामागे हीच भावना होती. त्यांना अधिक पैसे हवे होते असे म्हणण्यापेक्षा ठरलेले पैसे हवे होते असे म्हणणे अधिक योग्य होईल.

त्या असंतोषातून निघालेली एकीकृत निवृत्तिवेतन योजना, यूपीएस, १ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. पंचवीस वर्षे सेवा केलेल्याला अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मे निवृत्तिवेतन, दहा वर्षे सेवेनंतर किमान दहा हजार रुपये, महागाई सवलत, आणि पतीच्या किंवा पत्नीच्या मृत्यूनंतर जोडीदाराला त्याच्या साठ टक्के, असे तिचे आश्वासन आहे. विकल्प देण्याची मुदत ३० जूनवरून सप्टेंबरअखेर आणि तेथून नोव्हेंबरअखेर, अशी दोनदा वाढवावी लागली. इतके लोक थबकून राहिले. मी ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी बहुतेकांचा आक्षेप एकच होता: येथे साचलेली पुंजी वारसांना मिळत नाही. या योजनेतही अखेरीस पुंजीतून साठ टक्क्यांपर्यंत रक्कम उचलता येते, पण ज्या प्रमाणात उचलावी त्या प्रमाणात दरमहाचे निवृत्तिवेतन घटते. म्हणजे फिरून तोच प्रश्न समोर आला: एकरकमी की दरमहा? कर्मचाऱ्यांच्या मनात वारसांचा विचार प्रथम यावा हे आपल्या संस्कारांना धरूनच आहे, आणि त्याचा अनादर करावा असे मला वाटत नाही. परंतु मुलांना सर्वांत मोठा वारसा कोणता, असे मला कोणी विचारले तर मी सांगेन की नव्वदीतल्या आईचा औषधाचा खर्च त्यांच्यावर न पडणे हाच.

वार्षिकीवर घेतले जाणारे आक्षेप मात्र अधिक वजनदार आहेत. विमा कंपन्यांकडून मिळणारी साधी वार्षिकी सध्या मुद्दल वारसांना परत देण्याच्या अटीवर सहा-सात टक्क्यांच्या आसपास दर देते, तिच्यावर प्राप्तिकर लागतो, आणि मुख्य म्हणजे ती महागाईबरोबर वाढत नाही. आज तीस हजारांची वार्षिकी घेतली आणि किमती सालाना पाच टक्क्यांनी वाढत गेल्या, तर वीस वर्षांनी त्या तीस हजारांत आजच्या सव्वाअकरा हजारांचाच बाजार होईल. म्हणून सगळी पुंजी वार्षिकीत बांधून टाकणे शहाणपणाचे नाही, हे मान्य. पण यावरून पुष्कळजण जो निष्कर्ष काढतात, की सारे पैसे म्युच्युअल फंडात ठेवून लागेल तसे काढावेत, तो निवृत्ताला लागू पडत नाही. बाजार पहिल्या दोन-तीन वर्षांतच पडला आणि त्या पडत्या भावात खर्चासाठी युनिटे विकावी लागली, तर पुढे बाजार कितीही चढला तरी विकलेली युनिटे परत येत नाहीत. तरुणाला पडता बाजार स्वस्ताई वाटतो, निवृत्ताला तो मुद्दलाचा क्षय असतो. यातला मध्यम मार्ग एनपीएसच्या नियमांतच आहे आणि आश्चर्य असे की फार थोड्यांना तो ठाऊक आहे: ऑक्टोबर २०२३ पासून साठ टक्क्यांची ती रक्कम एकदम न उचलता दरमहा, दर तिमाहीस, सहामाहीस किंवा दरसाल अशी हप्त्याहप्त्याने घेता येते. दरमहाची सवय मोडू न देणारी ही तजवीज निरोपसमारंभाच्या दिवशी प्रत्येकाच्या हातात छापील कागदावर दिली जावी असे मला मनापासून वाटते.

आता हमी देणारा कोण, या प्रश्नाकडे लक्ष दिले पाहिजे, कारण उत्पन्न कितीही दरमहाचे असले तरी जामीनच कच्चा असेल तर ते बंद पडते. या बाबतीत मराठी वाचकाला अभिमान वाटावा असा एक प्रसंग दिल्लीतच घडला आहे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. विमेदारांच्या पैशावर काही उद्योगपती आपले व्यवहार चालवीत आहेत ही गोष्ट तोवर उघड झाली होती, आणि २४५ देशी-विदेशी कंपन्या व भविष्यनिर्वाह संस्था यांचा कारभार अध्यादेशाने ताब्यात घेऊन त्याच वर्षीच्या १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले. लहान बचतदाराचा पैसा ज्याच्या हाती आहे त्याने लोकांना जाब दिला पाहिजे, हे तत्त्व त्या रात्री राज्याने स्वीकारले. तथापि पुढच्याच वर्षी याच महामंडळाचा पैसा मुंदडा या उद्योगपतीच्या कंपन्यांत गुंतविला गेला, चौकशीसाठी छागला आयोग नेमला गेला, आणि १९५८ मध्ये कृष्णम्माचारी यांना अर्थमंत्रिपद सोडावे लागले. सरकारी नाव असले की विचार करण्याचे कारण उरले नाही, असे म्हणता येत नाही. युनिट ट्रस्टची १९६४ ची यूएस-६४ ही योजना निवृत्तांनी मुदत ठेवीसारखी मानली होती. तिच्या पोटात शेअर वाढत गेले होते याकडे कोणाचे लक्ष नव्हते, आणि जुलै २००१ मध्ये तिची पुनर्खरेदी थांबविली गेली तेव्हा आमच्या वसाहतीतील कित्येकांना मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे काढता आले नाहीत. सप्टेंबर २०१९ मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध आले तेव्हा आरंभी प्रत्येक ठेवीदाराला केवळ एक हजार रुपये काढावयास परवानगी होती. अर्ध्या टक्क्याच्या अधिक व्याजासाठी त्या बँकेत ठेवी ठेवणाऱ्यांत अनेक वृद्ध होते. ठेवींवरील विम्याची मर्यादा त्यानंतर, फेब्रुवारी २०२० मध्ये, एक लाखावरून पाच लाखांवर गेली. कोणत्याही एका बँकेत या मर्यादेहून फार अधिक ठेवण्यापूर्वी त्या बँकेचा जामीन कोण, हे विचारावे. आणि जेथे अर्धा-एक टक्का अधिक मिळतो तेथे तो कशाबद्दल मिळतो हेही विचारावे. सरकारची हमीही काळापुढे अढळ नसते, हे महासाथीच्या काळात जानेवारी २०२० ते जून २०२१ पर्यंत महागाई सवलतीचे तीन हप्ते गोठविले गेले तेव्हा आपण पाहिलेच; तरीही साऱ्या जामिनांत सरकारचाच जामीन अधिक पक्का आहे.

एकरकमी पैशाचा आणखी एक गुण असा की त्याच्यावर सर्वांचा डोळा असतो, आणि हे मी कोणाच्या दुष्टपणाविषयी बोलत नाही. दरमहाचा पैसा ज्याचा त्याचा असतो. एकरकमी पैसा घराचा होतो. मुलाला धंद्यासाठी दहा लाख हवे असतात, जावयाचे गृहकर्ज फेडावयाचे असते, गावाकडच्या वाड्याच्या दुरुस्तीत भावाचा वाटा द्यावयाचा असतो. आणि ज्या बापाने आयुष्यात 'नाही' म्हटले तेव्हा पैसेच नव्हते म्हणून म्हटले, त्याला पैसे असताना 'नाही' म्हणणे जमत नाही. हल्ली तर 'डिजिटल अटके'च्या नावाखाली पोलिसाचा खोटा वेष घेऊन वृद्धांना दिवसचे दिवस पडद्यासमोर बसवून ठेवून लुटण्याचा प्रकार या महानगरात वारंवार घडतो. पुढील वीस वर्षांचे महिने कोणाला चोरता येत नाहीत. बचत खात्यात एका जागी पडलेले साठ लाख मात्र एका दुपारी जातात.

कॅनडात स्थायिक झालेल्या मराठी मुलांचे आईवडील आता दिल्लीतही पुष्कळ भेटतात, आणि येथले घर विकून टोरंटोजवळ मिसिसॉगा किंवा ब्रॅम्प्टनला कायमचे जावे काय, हा प्रश्न ते गंभीरपणे विचारतात. त्या देशाची रीत आपल्याला शिकण्यासारखी आहे. तेथे निवृत्तीसाठी साठविलेला आरआरएसपी नावाचा संचय मनुष्य एकाहत्तर वर्षांचा होतो त्या वर्षाच्या अखेरीपर्यंत मोडून टाकावा लागतो, वार्षिकीत गुंतवावा लागतो किंवा दरसाल ठरावीक किमान रक्कम देणाऱ्या खात्यात वर्ग करावा लागतो. म्हणजे पुंजीचे उत्पन्नात रूपांतर व्हावे अशी कायद्याचीच दिशा आहे. तेथील सार्वजनिक निवृत्तिवेतन, सीपीपी, पासष्टऐवजी सत्तराव्या वर्षी सुरू केले तर आयुष्यभर ४२ टक्के अधिक मिळते, आणि साठाव्या वर्षीच घेतले तर ३६ टक्के कमी. धीर धरणाऱ्याला त्याचे मोल मिळावे असे ते गणित आहे. पण येथून जाणाऱ्या आईवडिलांना हे सीपीपी नाही, कारण त्यांनी तेथे वर्गणी भरलेली नाही. आणि ज्येष्ठांसाठीचे तेथील सरकारी वेतन मिळण्यास त्या देशात अठराव्या वर्षानंतर निदान दहा वर्षे राहिलेले असावे लागते, पूर्ण मिळण्यास चाळीस वर्षे. येथली केंद्रीय आरोग्य योजना, जी १९५४ मध्ये याच शहरात सुरू झाली आणि जिच्यासाठी निवृत्ताने आयुष्यभराची वर्गणी भरलेली असते, तिचा दवाखाना तेथे नाही. म्हणून जाऊन राहावे, नातवंडांत रमावे, पण येथले छप्पर आणि येथली पहिली तारीख तोडू नये, असेच मी प्रत्येकाला सांगत आलो आहे. हीच गोष्ट थोड्या वेगळ्या रीतीने कोकणातल्या किंवा खानदेशातल्या गावी परतणाऱ्यांनाही लागू आहे: दिल्ली, पुणे, नागपूर, मुंबईत आरोग्य योजनेचे दवाखाने आहेत, पण जेथे ती पोहोचलेली नाही तेथे त्याऐवजी महिन्याला एक हजार रुपयांचा वैद्यकीय भत्ता मिळतो, आणि एक हजारात हृदयविकाराचा इलाज होत नाही.

माझे स्वतःचे मत आता सांगून टाकतो. निवृत्ताने प्रथम पत्नीसह बसून अन्न, औषध, वीज, भाडे किंवा सोसायटीचा देखभाल खर्च आणि मोलकरणीचा पगार एवढ्याच बाबींचा मासिक खर्च कागदावर लिहावा, आणि तेवढी रक्कम दोघांच्याही हयातीपर्यंत पक्क्या जामिनाकडून दरमहा येईल अशी तजवीज होईपर्यंत दुसऱ्या कोणत्याही गुंतवणुकीचा विचार करू नये. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत प्रत्येकी तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, आणि तीस लाखांवर आजच्या दराने दर तिमाहीस ६१,५०० रुपये मिळतात. निवृत्तिवेतन अपुरे असेल तर पहिली भर येथून घालावी. एक वर्षाचा खर्च आणि एका मोठ्या आजाराची रक्कम हाताशी ठेवावी. त्यापलीकडे जे उरेल ते महागाईला तोंड देण्यासाठी शेअर बाजाराशी निगडित फंडांत अवश्य ठेवावे, आणि दहा वर्षे त्याकडे पाहूही नये. मुलांना द्यावयाचे असेल ते या शेवटच्या भागातून द्यावे, पहिल्यातून कधीही देऊ नये. मृत्युपत्र करावे, वारसनोंद पुरेशी आहे असे समजू नये, कारण नामनिर्देशित मनुष्य हा रकमेचा विश्वस्त असतो, मालक असेलच असे नाही. आणि ज्या जोडीदाराने आजवर बँकेची पायरी चढलेली नाही त्याला या महिन्यापासून बरोबर न्यावे.

यातले काहीही घाईने करावयाचे नाही. अंशराशीकरणाचा अर्ज निवृत्तीच्या तारखेपासून एक वर्षापर्यंत वैद्यकीय तपासणीवाचून करता येतो. बचत योजनेचे खाते साठीनंतर केव्हाही उघडता येते. क्वार्टरही सहा महिने आपलेच असते. तेव्हा येत्या ३१ तारखेला ज्यांच्या गळ्यात झेंडूचा हार पडणार आहे त्यांना माझी विनंती आहे की त्यांनी पहिले तीन महिने ती रक्कम एखाद्या राष्ट्रीयीकृत बँकेत आहे तशी राहू द्यावी, आणि तोपर्यंत कोणाच्याही अर्जावर सही करू नये.